लायका एम८, वाइड लेन्स आणि आयआर-कट फिल्टर: दुरुस्त करूनही पुन्हा निळे पडणारे कोपरे

दिवे घाटात माउलींची पालखी चढत असताना लायका एम८ या डिजिटल कॅमेऱ्यावर २८ मिमी लेन्स आणि तिच्या पुढे इन्फ्रारेड अडवणारा (आयआर-कट) फिल्टर लावून काढलेला एक फोटो माझ्याकडे आहे. मधोमध वारकऱ्यांची रांग, रंग अगदी बरोबर. कडेच्या धोतरांना आणि टोप्यांना मात्र निळसर-हिरवट छटा, धुताना नीळ जास्त पडल्यासारखी. वर पावसाळी ढगांचं पांढरं आभाळ होतं, त्याचे दोन्ही कोपरे तसेच. त्याआधी तीन वेळा मी हा दोष दुरुस्त केला होता आणि तिन्ही वेळा महिना-दोन महिन्यांनी तो परत आला. चौथ्या वेळी नीट शोधून काढलं तेव्हा कळलं, की दरवेळी मी तीन कारणांपैकी एकच दूर करत होतो. जुना एम८ घेऊन त्यावर वाइड लेन्स (कमी मिमीची, रुंद दृश्य टिपणारी) वापरणारे बरेच जण याच ठिकाणी अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हा फिल्टर लावावाच का लागतो ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

लायका एम८ सप्टेंबर २००६ मध्ये आला. १०.३ मेगापिक्सेलचा कोडॅकचा सीसीडी सेन्सर, आकार २७ × १८ मिमी. एम माउंटमध्ये (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्यावर जिथे बसते ती कडी) लेन्सची मागची काच सेन्सरच्या अगदी जवळ येऊ शकते. माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर जेमतेम २७.८ मिमी. वाइड लेन्सचे किरण त्यामुळे कोपऱ्यांवर फार तिरपे पडतात. सेन्सरवर जाड काच ठेवली तर हे तिरपे किरण त्या काचेत सरकतात आणि कोपऱ्यांतला तपशील फाटतो. म्हणून सेन्सरवरची इन्फ्रारेड शोषणारी काच फक्त अर्धा मिलिमीटर जाडीची ठेवली गेली. तपशील वाचला, पण डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश पुरेसा अडला नाही.

त्याचा परिणाम वारीत लगेच दिसतो. नायलॉन-पॉलिएस्टरच्या काळ्या छत्र्या जांभळट येतात. डोळ्यांना ते कापड काळं असतं, पण त्यावरचा रंग इन्फ्रारेड परतवतो आणि सेन्सर तो लाल-जांभळा म्हणून नोंदवतो. फिल्टरशिवाय काढलेल्या अशाच एका फोटोत कपाळावरचा बुक्का मात्र काळाच राहिला, कारण तो कोळशाचा. कार्बन दृश्य प्रकाशासारखाच इन्फ्रारेडही गिळतो. एका चौकटीत छत्री जांभळी आणि बुक्का काळा दिसला, की पांढऱ्याचा समतोल (व्हाइट बॅलन्स) कितीही फिरवून उपयोग नाही हे पटतं. झाडांची पानं पिवळसर होण्याचं कारणही हेच: हरितद्रव्य असलेली पानं इन्फ्रारेड भरपूर परतवतात.

यावर लायकाने काढलेला उपाय म्हणजे लेन्सच्या पुढे लावायचा, अतिनील (यूव्ही) आणि इन्फ्रारेड (आयआर) दोन्ही अडवणारा यूव्ही/आयआर फिल्टर. सुरुवातीच्या ग्राहकांना असे दोन फिल्टर मोफत दिले गेले होते. बी+डब्ल्यूचा ४८६ हा त्याच जातीचा. फिल्टर लावला की छत्री काळी होते. आणि वाइड लेन्स असेल तर त्याच क्षणी कोपरे निळे पडायला लागतात.

कोपरेच का, आणि वाइडलाच का

हा फिल्टर रंगीत काचेचा नसतो. काचेवर अतिपातळ थर एकावर एक चढवलेले असतात आणि प्रकाशलहरींच्या व्यतिकरणामुळे ठरावीक मर्यादेपलीकडचा प्रकाश परत फेकला जातो. किरण सरळ आला तर ही मर्यादा जिथे आखली तिथे असते. तिरपा आला तर ती आखूड लहरींकडे, म्हणजे लाल रंगाच्या दिशेने सरकते. कोपऱ्यातला किरण जितका तिरपा, तितका फिल्टर इन्फ्रारेडसोबत खरा लाल रंगही खातो. लाल कमी झाला की उरतो निळा-हिरवा.

हे किती सरकतं, याचा हिशेब मी एकदा वहीत करून पाहिला. सरळ किरणासाठी मर्यादा ७०० नॅनोमीटर आणि थरांचा परिणामी अपवर्तनांक १.८ धरला. एम८ च्या सेन्सरच्या मध्यापासून कोपरा १६.२ मिमीवर येतो. ५० मिमी लेन्सवर कोपऱ्याचा किरण सुमारे १८ अंश तिरपा येतो आणि मर्यादा ६९० पर्यंतच उतरते. ३५ मिमीवर २५ अंश, ६८०. २८ मिमीवर ३० अंश, ६७२. २१ मिमीवर ३८ अंश, ६५८. १५ मिमीवर तर ४७ अंश आणि मर्यादा ६४० च्या आसपास, म्हणजे लाल रंगाचा चांगलाच लचका. हे आकडे ढोबळ आहेत, प्रत्येक फिल्टरचे थर वेगळे असतात. तरी ५० मिमीवर काहीच का जाणवत नाही, ३५ वर पांढऱ्या भिंतीवरच का दिसतं आणि २१ वर प्रत्येक फोटोत का डोळ्यांत भरतं, याचं उत्तर त्यांत मिळतं.

बराच वेळ वाचवणारी एक गोष्टही यातून निघते. कोन ठरतो तो लेन्सच्या फोकल लांबीवरून (२८, ५० हे मिमीचे आकडे), छिद्रावरून (अॅपर्चर) नाही. फिल्टर लेन्सच्या पुढे आहे. दूरच्या वस्तूच्या एका बिंदूकडून येणारे सगळे किरण त्यावर एकाच कोनात पडतात, छिद्र २.८ असो वा ८. त्यामुळे छिद्र लहान केलं की कोपऱ्यांचा काळोख कमी होईल, निळेपणा जाणार नाही. मी सुरुवातीचे कित्येक दिवस ८ आणि ११ वर फोटो काढून हा दोष घालवायचा प्रयत्न केला होता.

आधी फिल्टर योग्य आहे का ते पाहा

‘इन्फ्रारेड फिल्टर’ या एकाच नावाखाली दोन उलट वस्तू विकल्या जातात. एक इन्फ्रारेड अडवणारा, जो आपल्याला हवा. दुसरा फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा: होया आर७२, बी+डब्ल्यू ०९२ हे त्या जातीचे. ते जवळजवळ काळे किंवा गडद लाल दिसतात आणि पांढऱ्याशुभ्र पानांचे कृष्णधवल फोटो काढण्यासाठी असतात. मला एका दुकानातून पहिल्यांदा दुसरीच जात मिळाली होती आणि डबी न उघडता मी घरी आलो. दुकानातच डबी उघडून बघा. आणखी एक गोंधळ साध्या यूव्ही फिल्टरचा. त्यावर यूव्ही लिहिलेलं असतं, दिसायला तो स्वच्छ असतो, पण इन्फ्रारेडला हातही लावत नाही.

ओळखण्याची खात्रीशीर रीत अशी. फिल्टर पांढऱ्या भिंतीसमोर सरळ धरा; आरपार भिंत पांढरीच दिसायला हवी. आता तो हळूहळू तिरपा करा. योग्य फिल्टरमधून भिंत आकाशी होत जाईल, आणि त्यावरून परतणारा दिव्याचा उजेड तांबूस दिसेल. लेन्सच्या कोपऱ्यात नेमकं हेच घडत असतं. ज्यांना कॅमेऱ्यावर संशय आहे त्यांनी हे एकदा करून बघावं.

तिघांचं जमलं पाहिजे

कॅमेऱ्यात या निळेपणावर उतारा आहे. लेन्स किती मिमीची आहे आणि पुढे फिल्टर आहे, हे एम८ ला कळलं तर तो कोपऱ्यांत तेवढा लाल परत भरतो, आणि तो जेपेगसोबत डीएनजी या कच्च्या (रॉ) फाइलमध्येही भरतो. पण त्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जागेवर लागतात: लेन्सच्या पुढे फिल्टर, लेन्सच्या माउंटवर सहा खुणांचा संकेत, आणि मेनूत लेन्स डिटेक्शनपुढे ‘ऑन + यूव्ही/आयआर’. यातली एक हलली की दोष परत येतो, आणि कोणती हलली त्यावर तो वेगळं रूप घेतो. म्हणून रूप पाहून कारण ओळखायला शिकायचं.

मध्यभागासकट सगळीकडे काळं कापड जांभळं असेल, तर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टरच लावलेला नाही, किंवा त्या जागी साधा यूव्ही फिल्टर आहे.

मध्य बरोबर आणि चारही कोपरे निळे-हिरवे, तर फिल्टर आहे पण दुरुस्ती चालू नाही. इथे मेनूत नुसतं ‘ऑन’ असणं ही नेहमीची चूक. तेवढ्याने लेन्स ओळखली जाते, कोपऱ्यांचा काळोखही थोडा सुधारतो, पण फिल्टर आहे हे कॅमेऱ्याला माहीत नसल्याने निळेपणा तसाच राहतो. मेनू रीसेट केला असेल किंवा फर्मवेअर (कॅमेऱ्यातला प्रोग्राम) बदललं असेल, तर पहिल्यांदा ही ओळ बघायची.

मध्य बरोबर आणि कोपरे तांबूस-गुलाबी, तर उलटं झालं आहे. मेनूत यूव्ही/आयआर चालू, पण फिल्टर काढून ठेवलेला (मग मध्यभागी काळं कापडही जांभळं दिसेल). किंवा २८ च्या लेन्सवर २१ चा संकेत, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त लाल भरला गेला. किंवा कॅमेऱ्याने दुरुस्त केलेल्या फाइलवर संगणकात पुन्हा दुरुस्ती चालवली. हा तिसरा प्रकार माझ्या हातून झाला आहे आणि कळायला वेळ लागतो, कारण दोन्ही पायऱ्या आपापल्या जागी बरोबरच असतात.

कोपरे रंगहीन काळे, कडा तीक्ष्ण, तर प्रश्न रंगाचा नाही. फिल्टरची कडी जाड आहे किंवा एकावर एक दोन फिल्टर चढवले आहेत. २१ मिमी किंवा त्याहून रुंद लेन्सवर जुना यूव्ही फिल्टर काढूनच हा लावावा.

आणि दोष कधी दिसतो, कधी नाही, तोही एकाच दिवशी? मग प्रकाश बदलला का ते बघा. पिवळ्या तंतूच्या बल्बमध्ये आणि हॅलोजनमध्ये इन्फ्रारेड भरपूर असतो. पांढऱ्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच आणि गडद लालही कमी असतो. एलईडी लावलेल्या कार्यालयात फिल्टरशिवायही काळा कोट काळा येतो आणि माणसाला वाटतं कॅमेरा सुधारला. संध्याकाळी मंडपातल्या हॅलोजनखाली तोच कोट वांगी रंगाचा होतो. एलईडीखाली कॅमेऱ्याची दुरुस्ती किंचित जास्तही होते आणि कोपरे हलके तांबूस होतात, कारण फिल्टरने खाण्याजोगा गडद लाल त्या उजेडात मुळातच थोडा असतो. असे थोडे फोटो मी हातानेच सुधारतो, त्यासाठी मेनू बदलत बसत नाही.

खुणा पुसल्या जातात: परत येणाऱ्या दोषाचं खरं मूळ

माझ्या बाबतीत तीनदा परतलेल्या दोषाचं कारण इथे होतं. लायकाच्या नव्या लेन्सवर सहा खुणा कारखान्यातच खणून काळ्या-पांढऱ्या रंगाने भरलेल्या असतात. जुन्या लेन्सवर आणि फोइग्टलेंडर, झाइस अशा इतरांच्या लेन्सवर त्या नसतात, म्हणून बहुतेक जण काळ्या परमनंट मार्करने त्या स्वतः काढतात. पद्धत चालते. कॅमेऱ्याच्या माउंटमधला छोटा प्रकाशवाचक काळं आणि चकचकीत एवढाच फरक ओळखतो, त्यामुळे पांढऱ्या खुणांच्या जागी माउंटचा उघडा धातू पुरतो. रंगवायच्या त्या फक्त काळ्या.

पण ही जागा लेन्स चढवताना-उतरवताना दरवेळी माउंटवर घासते. मार्करची शाई पाच-पंचवीस वेळा लेन्स बदलेपर्यंत टिकते, मग एखादी खूण विरते. पावसाळ्यात घामट हातांनी आणि स्पिरिटच्या बोळ्याने माउंट पुसण्याच्या सवयीने आणखी लवकर. सहापैकी एक खूण गेली की कॅमेऱ्याला एकतर लेन्स ओळखता येत नाही किंवा तो भलतीच लेन्स समजतो. म्हणूनच कधी कोपरे निळे, कधी तांबूस, आणि मेनूत मात्र सगळं जसंच्या तसं.

हे तपासायला फोटोच्या रंगांकडे बघण्याची गरज नाही. फाइलच्या एक्झिफ माहितीत (कॅमेरा फोटोसोबत स्वतः लिहितो ती) लेन्सची नोंद बघा. बाहेर पडण्याआधी एक फोटो काढून एवढी नोंद वाचायची सवय मी लावून घेतली आहे. नोंद नसेल किंवा दुसऱ्याच लेन्सची असेल, तर आधी माउंटमधला वाचक ब्लोअरने साफ करा, मग खुणा पाहा.

कायमचा उपाय म्हणजे खुणांच्या जागी उथळ खळगे करून त्यांत काळा एनॅमल रंग भरणं. रंग धातूच्या पातळीखाली गेला की घासत नाही. बारीक काम करणाऱ्या लेथवाल्याकडून मी माझ्या २८ मिमीचे खळगे करून घेतले. आधी मार्करने खुणा काढून, कॅमेऱ्यात त्या बरोबर वाचल्या जातात हे पाहून, मगच लेन्स त्याच्या हातात दिली. माउंट शक्य असेल तर सुटा करून द्या. धातूचा कीस लेन्समध्ये जाणं हे निळ्या कोपऱ्यांपेक्षा फार वाईट. काही जुन्या लेन्सवर नेमका खुणेच्या जागी स्क्रू असतो, तिथे हा मार्ग बंद होतो.

कोणता संकेत द्यायचा? लायकाच्या यादीतल्या त्याच फोकल लांबीच्या लेन्सचा. निळेपणा कोनावर अवलंबून असल्याने दुसऱ्या कंपनीच्या २८ मिमीला लायकाच्या २८ मिमीचा संकेत रंगापुरता चांगला लागू पडतो. काळोखाची दुरुस्ती थोडी इकडेतिकडे होईल. स्क्रू माउंटच्या (आट्यांवर फिरवून बसवायच्या) लेन्ससाठी अॅडॉप्टर घेताना एक काळजी घ्या. एम८ खुणांबरोबर व्ह्यूफाइंडरमध्ये कोणती चौकट (त्या लेन्समध्ये किती दृश्य येईल ते दाखवणाऱ्या रेषा, दोन-दोन लेन्सच्या जोडीने येणाऱ्या) आली आहे तेही बघतो. २१ आणि २८ साठी २८/९० ची चौकट आणणारा अॅडॉप्टर लागतो. ५०/७५ चा लावला तर खुणा अचूक असूनही लेन्स ओळखली जात नाही. शिवाय एम८ च्या मेनूतून लेन्सचं नाव हाताने निवडता येत नाही. ती सोय पुढे एम९ मध्ये आली, तिच्या भरवशावर इथे राहू नका.

संकेत देताच येत नसेल तर

मग कॅमेऱ्यातली दुरुस्ती पूर्ण बंद ठेवा आणि संगणकात करा. अर्धी इथे, अर्धी तिथे असं नको. डीएनजीच काढा, कारण जेपेगमध्ये कोपऱ्याचा लाल एकदा गेला की ओढून आणताना डाग पडतात. कॉर्नरफिक्स हा मोफत प्रोग्राम मुळात एम८ च्या याच दोषासाठी लिहिला गेला. लाइटरूम क्लासिकमध्ये फ्लॅट-फील्ड करेक्शन आहे, कॅप्चर वनमध्ये एलसीसी, रॉथेरपीमध्येही फ्लॅट-फील्ड. सगळ्यांचं तत्त्व एक: त्याच लेन्सने, त्याच फिल्टरमधून एका सपाट पांढऱ्या गोष्टीचा फोटो द्यायचा. त्यातला कोपऱ्यांचा रंग पाहून प्रोग्राम उरलेल्या फोटोंतून तेवढाच वजा करतो.

हा संदर्भफोटो कसा काढता, यावर सगळा निकाल ठरतो. भिंतीचा काढू नका; एकाही भिंतीवर उजेड सारखा नसतो. साइनबोर्डवाल्याकडून दुधी अॅक्रिलिकचा तळहाताएवढा तुकडा घ्या, ३ मिमीचा पुरतो, किंमत नाममात्र. तो फिल्टरला टेकवून धरा आणि ढगाळ आभाळाकडे किंवा सावलीतल्या मोकळ्या उजेडाकडे लेन्स करा. फोकस अनंतावर, छिद्र ५.६ किंवा ८. प्रकाशन (एक्स्पोजर) असं ठेवा की हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मध्याच्या थोडा उजवीकडे येईल पण उजव्या कडेला टेकणार नाही. लाल रंग एकदा कापला गेला की माप चुकतं. मेनूतलं लेन्स डिटेक्शन खऱ्या फोटोंच्या वेळी होतं तेच हवं. प्रत्येक वाइड लेन्सचा वेगळा संदर्भ, आणि फिल्टर बदलला तर पुन्हा नवा.

कधी फिल्टर काढायचा

रात्री चौकटीत उघडे दिवे असतील तेव्हा. हा फिल्टर आरशासारखा परतवतो, त्यामुळे दिव्यांची फिकट उलटी प्रतिबिंबं काळ्या आभाळात तरंगताना दिसतात आणि ती नंतर काढता येत नाहीत. दिवाळीत मी फिल्टर काढतो, मेनूत नुसतं ‘ऑन’ करतो आणि काळं कापड जांभळं आलं तर तेवढा रंग हाताने मारतो.

कृष्णधवलच करणार असाल तर निळे कोपरे फारसे त्रास देत नाहीत, लाल चॅनेलवर भर दिला तर कोपरे थोडे गडद होतील इतकंच. फिल्टर मात्र ठेवा, नाहीतर काळी कापडं राखाडी होतात.

आणि एम८ विकून एम९ घेतला असेल, तर जुने फिल्टर सवयीने त्यावर चढवू नका. सप्टेंबर २००९ मध्ये आलेल्या एम९ च्या सेन्सरवरची काच ०.८ मिमीची आहे आणि त्याला पुढच्या फिल्टरची गरज उरलेली नाही. त्याच्या मेनूत फिल्टरसाठीची दुरुस्तीही नाही, आणि पूर्ण ३६ × २४ मिमी सेन्सरमुळे कोपरे आणखी तिरपे. २१ मिमीवर एम९ ला हा फिल्टर लावून निळे कोपरे आणणारे दोन मित्र मला भेटले. फिल्टर काढणं एवढाच इलाज होता. एम९ वर फिल्टरशिवायही डावीकडे एक रंग आणि उजवीकडे दुसरा असं दिसलं तर ते सेन्सरवर पडणाऱ्या तिरप्या किरणांमुळे, फिल्टरमुळे नाही. त्यासाठीही वरचा अॅक्रिलिकचा तुकडा उपयोगी पडतो.

दिवे घाटातले ते जुने फोटो वाया गेले नाहीत. लेन्स तीच होती, फिल्टर तोच, आणि कोन काळाप्रमाणे बदलत नाही. त्यामुळे वारीनंतर कित्येक महिन्यांनी, मेनू तेव्हाच्या स्थितीत ठेवून, ढगाळ सकाळी गच्चीवर काढलेला संदर्भफोटो त्यांना लागू पडला आणि कडेच्या टोप्या पांढऱ्या झाल्या. तुमच्याकडेही अशा जुन्या डीएनजी पडून असतील तर फिल्टर विकण्याआधी त्या लेन्सचा एक संदर्भ काढून ठेवा.